कुरणातला स्टॉक किती दिवसांनी पाहावा?

गोदामातला माल किती दिवसांनी मोजावा, यावर बाजारात दोन व्यापाऱ्यांचे एकमत होणे कठीण. कोणी मार्चअखेर मोजतो, कोणी रमजानच्या आधी, आणि कोणी बँकेचा माणूस येणार असे कळले की मोजतो. आपला माल तरी बरा. फळीवर ठेवलेला ताका सकाळी तिथेच सापडतो. इंग्रजीत कापडाच्या मालाला जसे ‘स्टॉक’ म्हणतात, तसेच गुराढोरांनाही म्हणतात. पण अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकाचा हा स्टॉक चालतो, तहानतो, आजारी पडतो, रात्री दोन वाजता वितो आणि कुंपण मोडून शेजाऱ्याच्या रानात जातो. असा माल तिथले लोक किती दिवसांनी पाहतात, याची आम्ही चौकशी केली. उत्तर कुठे तासांत मिळाले, कुठे दिवसांत, कुठे महिन्यांत. आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर निघाली.

रँच म्हणजे गुरे पाळण्यासाठी राखलेली शेकडो, कधी हजारो एकरांची कुरणे. तिथे आपल्यासारखा गोठा नसतो आणि दावेही नसते. जनावर मोकळे चरते. म्हणून ‘पाहणे’ हे तिथे एक वेगळे काम आहे. त्याला घोडा लागतो, गाडी लागते, माणूस लागतो. प्रत्येक फेरीचा खर्च होतो आणि न मारलेल्या फेरीचे नुकसान होते. व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण हेच.

या धंद्याने न पाहण्याची किंमत एकदा फार मोठी मोजली आहे. १८८० च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात, वायोमिंग, मोंटाना आणि डकोटा या मुलखांत, सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट चारून गुरे विकायची, असा धंदा जोरात होता. ‘द बीफ बोनान्झा’ नावाचे पुस्तक १८८१ मध्ये निघाले. या मैदानांत श्रीमंत कसे व्हावे, हेच त्यात सांगितले होते. स्कॉटलंड आणि इंग्लंडचा पैसा तिकडे धावला. गुरे वर्षातून दोनदा गोळा होत. वसंतात वासरांना डाग देण्यासाठी आणि शरदात विक्रीची जनावरे वेगळी काढण्यासाठी. मध्यल्या महिन्यांत ती अल्लाच्या भरवशावर.

मग खरेदी-विक्री कशी होत असे? वहीवरून. मूळ आकडा घ्यायचा, दरवर्षी गाईंमागे अमुक वासरे धरून मिळवायची, विकलेली वजा करायची, मेलेल्यांसाठी थोडी टक्केवारी सोडायची आणि जो आकडा येईल तो कळप. १८८३ मध्ये एडिंबरा इथे स्वॉन लँड अँड कॅटल कंपनी उभी राहिली. तिने अलेक्झांडर स्वॉन यांच्याकडून वायोमिंगमधले कळप घेतले, ते असेच वहीवरच्या आकड्यावर. प्रत्यक्ष गुरे त्या आकड्यापेक्षा बरीच कमी होती. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

पुढे १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. कुरणांवर आधीच मावेनात इतकी गुरे होती. नोव्हेंबरात बर्फ आला आणि जानेवारी १८८७ मध्ये वादळांवर वादळे झाली. बर्फ थोडा वितळून पुन्हा गोठला, त्याची वर काचेसारखी साल तयार झाली आणि खालचे गवत जनावराच्या तोंडाला लागेना. गाई बर्फ उकरताना पायांची सोलपटे काढून घेत होत्या. वसंतात नद्यांना पूर आले तेव्हा मेलेली गुरे वाहत गेली. अनेकांचे निम्म्याहून जास्त कळप गेले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचाही त्यात मोठा तोटा झाला. स्वॉन कंपनी १८८७ मध्ये कोसळली. तिला पुन्हा सावरण्यात आले, आणि पुढे ती चक्क मेंढ्यांकडे वळली. वायोमिंगच्या शायेन गावात त्या हिवाळ्यात एक कडवट विनोद चालत असे. त्याचा मतलब असा, की जनावर गोठले तरी काळजी नको, वह्यांना थंडी बाधत नाही.

त्याच हिवाळ्यातली मोंटानाची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. जुडिथ खोऱ्यातल्या एका कळपाचा मालक हेलेना शहरात राहत असे. त्याने पत्र लिहून विचारले, की गुरांचे कसे काय चालले आहे? तिथे चार्ल्स रसेल नावाचा तरुण गुराखी कामाला होता. त्याने उत्तरात मजकूर न लिहिता पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रंगांनी एक चित्र काढले. बर्फात उभी असलेली हाडांचा सापळा झालेली एक गाय आणि भोवती वाट पाहणारे लांडगे. हा रसेल पुढे पश्चिम अमेरिकेचा नामांकित चित्रकार झाला. त्या चित्राला ‘वेटिंग फॉर अ चिनूक’ म्हणतात. चिनूक म्हणजे हिवाळ्यात बर्फ वितळवणारा उबदार वारा.

त्यानंतर धंद्याची रीत बदलली. कळप लहान झाले, काटेरी तारांची कुंपणे आली, हिवाळ्यासाठी गवत कापून वाळवून ठेवणे आले. आणि नियमित फेरी आली.

इथे आमची एक जुनी चूक सांगतो. तरुणपणी आम्ही एका बंद पडलेल्या पेढीचा शिलकी माल घेतला. यादी हातात घेऊन ताके मोजले, एकही कमी नव्हता. सौदा झाला. महिन्याभराने वरची थप्पी काढली तर खालच्या सगळ्या ताक्यांना पाणी लागून बुरशी आलेली. मोजणे आणि पाहणे ही दोन कामे आहेत, हे आम्ही पैसे भरून शिकलो.

रँचवाल्यांचे तेच म्हणणे. कळपापासून वेगळे उभे राहिलेले जनावर आधी पाहायचे. कान पडलेत का, नाकातून पाणी येते का, डाव्या कुशीचा खळगा भरलेला आहे की खोल गेला आहे, शेण कसे आहे. विलेल्या गाईची कास तट्ट भरलेली दिसली तर वासरू पीत नाही, ते शोधायला निघायचे. गाय एकटीच पाण्यावर आली तर घाबरायचे कारण नाही, ती वासराला गवतात लपवून येते. पण तीच गाय कुंपणापाशी उभी राहून दिवसभर हंबरत असेल तर काहीतरी घडले आहे.

आता मूळ प्रश्न. किती दिवसांनी? तर जे नुकसान व्हायचे ते किती वेळात पक्के होते, त्यावर.

सर्वांत कडक पहारा विण्याच्या दिवसांत असतो. गाय साधारण २८३ दिवस गाभण राहते. उत्तर अमेरिकेत बरेच जण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वासरे घेतात, म्हणजे थंडी असतेच. जुनी गाय बहुधा आपले आपण निभावते. पहिलारू कालवडीचे तसे नाही. तिला पाण्याची पिशवी दिसल्यापासून तासाभरात वासरू बाहेर आले नाही तर हात घालावा लागतो. वासराचे मागचे पाय आधी येत असतील तर वेळ आणखी कमी. म्हणून पहिलारूंच्या कुरणात दर दोन-तीन तासांनी फेरी, रात्रीसुद्धा. नवरा बारा वाजता उठतो, बायको तीनला, मुलगा शाळेला जाण्यापूर्वी. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, नाहीतर रोगाशी लढण्याची ताकद त्याला मिळत नाही. कडाक्याच्या रात्री ओले वासरू तासभर पडून राहिले तर त्याच्या कानांची टोके गोठून गळतात. मग ते गाडीच्या हीटरपुढे किंवा घरातल्या न्हाणीत गरम पाण्यात घालून वाचवतात. वर्षाची कमाई म्हणजे ते वासरू. एक मेले तर त्या गाईने खाल्लेला वर्षाचा चारा बुडाला.

या रात्रपाळीवर कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातील एका पशुपालकाने जो उपाय शोधला, त्याला आम्ही खरी व्यापारी अक्कल म्हणू. फेऱ्या वाढवण्याऐवजी त्याने चाऱ्याची वेळ बदलली. एक चारा दुपारच्या सुमारास आणि दुसरा रात्री साडेनऊ-दहाला. त्या गाईंची शंभरातली ऐंशीच्या आसपास वासरे सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात जन्मली. त्याच्या नावावरून याला कोनेफाल पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १५ ठिकाणच्या १,३३१ गाईंना दिवसातून एकदाच, दिवेलागणीला, चारा दिला. तेव्हा ८५ टक्के वासरे सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान झाली. पाहायला जाणे ज्या वेळी परवडते, त्या वेळी माल हाती यावा, अशी ही तजवीज.

वासरे उभी राहिली, गवत आले, की पहारा सैल होतो. उन्हाळ्यात राखण पाण्याची असते. दूध पाजणारी गाय भर उन्हात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते. पवनचक्की बंद पडली किंवा हौदाचा तरंगता गोळा अडकला, तर शंभर गाईंचा हौद एका दिवसात रिकामा. दोन-तीन दिवसांत कळप मरू शकतो. म्हणून पुष्कळ रँचवर उन्हाळ्यात रोज किंवा दिवसाआड फेरी होते. हौद भरलेला, कुंपण उभे, मीठ शिल्लक. मग गाईंकडे एक नजर. डोंगरातल्या सरकारी कुरणांवर जूनमध्ये चढवलेली गुरे मात्र काही जण आठवड्याने, घोड्यावरून, पाहतात. तिथे झरे वाहते असतात, तेव्हा घाई नाही. उलट चरबीसाठी वाड्यात कोंडून खाऊ घालतात ती जनावरे घोडेस्वार रोज पाहतो. नव्याने बाजारातून आणलेल्या वासरांचे फुफ्फुस पहिल्या आठवड्यांत बिघडते आणि गर्दीत रोग लवकर पसरतो.

ऑस्ट्रेलियात अंतरच इतके, की हिशेब बदलतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातले अ‍ॅना क्रीक हे जगातले सर्वांत मोठे गुरांचे ठाणे मानले जाते. त्याचा विस्तार साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे. मालेगावच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, साधारण आपला अख्खा नाशिक जिल्हा. अशा ठिकाणी प्रत्येक गाय पाहणे शक्यच नाही. माणूस बोअरवेल ते बोअरवेल गाडीने फिरतो, उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा. गाय कुठेही चरो, पाण्यावर येणारच. सगळी गुरे एकत्र आणून मोजणे वर्षातून एक-दोनदा, हेलिकॉप्टर आणि मोटारसायकली लावून.

आता हौदात यंत्र बसते आणि पाणी उतरले की उपग्रहामार्फत फोनवर निरोप येतो. विण्याच्या वाड्यात कॅमेरा असतो. गाईच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टाही आला आहे. शेकडो किलोमीटरचे डिझेल वाचते, हे खरे. पण यंत्र हौदाची खबर देते. तळ्याच्या काठच्या चिखलात रुतलेल्या गाईची खबर ते देत नाही.

आणि रोज पाहूनही कधी हात रिकामे राहतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये साउथ डकोटात ‘अ‍ॅटलस’ वादळ आले. आधी पाऊस, मग बर्फ, मग वारा. गुरे अजून उन्हाळी कुरणात होती आणि अंगावर हिवाळी केस आलेले नव्हते. हजारोंनी मेली. काही वाऱ्याबरोबर मैलोनमैल चालत गेली आणि डागावरून, कानातल्या बिल्ल्यावरून ओळखावी लागली. नुकसानभरपाईचा सरकारी कायदा तेव्हा लटकलेला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो मागील तारखेपासून लागू झाला आणि बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम देण्याचे ठरले. अट एकच, पुरावा दाखवा. वादळापूर्वी किती होती, किती गेली. ज्यांच्याकडे तारीखवार मोजणी होती, मेलेल्या जनावरांचे फोटो होते, त्यांचे काम सोपे होते.

तिकडे रँचवाल्याला ‘तुमच्याकडे किती जनावरे आहेत?’ असे विचारणे असभ्यपणाचे मानतात. बँकेत किती शिल्लक आहे असे विचारल्यासारखेच ते. पण त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक लहान वही असते, बहुतेकदा लाल पुठ्ठ्याची. फोन आला तरी ती गेलेली नाही. गाईचा नंबर, विल्याची तारीख, नर की मादी, आणि शेजारी पेन्सिलीने खरडलेले दोन शब्द: वासरू उठले, प्यायले.