चाकणची हवा मोजणारा जुना उपग्रह

पाच वर्षांसाठी उडालेला ‘ऑरा’ वीस वर्षांहून अधिक टिकला. त्याची उपकरणं एकेक करत थकत गेली, तरी त्याच्या आकड्यांवरचा विश्वास टिकून राहिला. त्यामागे आहे रोजची, कंटाळवाणी वाटणारी निगा.

दुपारचे दोन वाजून गेलेले असतात. चाकणच्या कारखान्यांत पहिली पाळी सुटायला अजून अवकाश असतो, तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली असते, भोसरी एमआयडीसीतल्या प्रेस धडधडत असतात. वर्षानुवर्षं साधारण याच सुमाराला ७०५ किलोमीटर उंचीवरून ‘ऑरा’ हा उपग्रह आपल्या आकाशातून उत्तरेकडे जात आला आणि खालच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि ओझोन मोजत आला. अमेरिकेच्या नासाने १५ जुलै २००४ रोजी तो सोडला. त्याच्याकडून पाच वर्षांच्या कामाची अपेक्षा होती. २०२४ मध्ये त्याने वीस वर्षं पूर्ण केली, तेव्हाही तो काम करत होता.

या वीस वर्षांत खालची जमीन ओळखू येणार नाही इतकी बदलली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझही चाकणला आली. त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे, रंगकाम करणारे, गोदामं चालवणारे आले. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता सांगणारी व्यवस्था पुण्यात २०१३ मध्ये सुरू केली. आज भोसरी, निगडी आणि आळंदी इथल्या तिच्या केंद्रांचे आकडे आपण मोबाइलवर बघतो. पण त्याच्या आधीचा, चाकण झपाट्याने वाढत असतानाचा काळ रोजच्या रोज आणि एकाच मापाने पाहायचा असेल, तर ऑरासारख्या उपग्रहाच्या नोंदींना फार मोल आहे. म्हणूनच त्या उपग्रहाची तब्येत कशी राखली गेली हा प्रश्न आपलाही आहे.

प्रकाशावरून वायू

ऑरावर चार उपकरणं होती. त्यांपैकी औद्योगिक पट्ट्यासाठी सर्वात उपयोगाचं म्हणजे ओझोन मॉनिटरिंग इन्स्ट्रुमेंट, शास्त्रज्ञांच्या बोलण्यातलं ‘ओमी’. नेदरलँड्स आणि फिनलंड यांनी ते बनवून नासाला दिलं. ओमी हवेचा नमुना घेत नाही. जमिनीवरून आणि ढगांवरून परत येणारा सूर्यप्रकाश ते रंगांत फोडून बघतं. नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या प्रकाशातले ठरावीक भाग शोषतो, ओझोन आणि सल्फर डायऑक्साइड अतिनील भागातले. मूळ सूर्यप्रकाशात काय होतं आणि हवेतून फिरून आल्यावर त्यातलं काय कमी झालं, या फरकावरून वायूचं प्रमाण काढलं जातं.

आता अडचण इथेच आहे. प्रकाश हवेने खाल्ला की उपकरणाच्या जुन्या झालेल्या आरशाने, हे कसं ओळखायचं? आरसा अंतराळातल्या किरणांनी काळवंडतो, प्रकाश टिपणारी चिप प्रोटॉनच्या माऱ्याने खराब होते. त्याचा हिशेब ठेवला नाही, तर उपकरणाचं म्हातारपण चाकणच्या हवेच्या खात्यावर जमा होईल.

पिंपरी-चिंचवडमध्ये क्वालिटी विभागात काम केलेल्या कोणालाही याचं उत्तर ठाऊक आहे. शॉप फ्लोअरवर रोज वापरायचं गेज वेगळं असतं. ते बरोबर आहे का हे तपासायला मास्टर गेज असतं. आणि मास्टरही झिजतो म्हणून त्याहून वरचं माप स्टँडर्ड रूममध्ये जपून ठेवतात आणि क्वचितच बाहेर काढतात. ओमीमध्ये अगदी हीच रचना आहे. सूर्याकडे थेट बघता येत नाही, म्हणून सूर्यप्रकाश पसरवून आत सोडणाऱ्या तबकड्या बसवल्या आहेत. क्वार्ट्झची एक तबकडी दिवसातून एकदा वापरायची, ॲल्युमिनियमची दुसरी आठवड्यातून एकदा, आणि तिसरी महिन्यातून एकदाच. जी जास्त वेळा ऊन खाते ती लवकर खराब होते. तिघींच्या आकड्यांची तुलना केली की तबकडी किती बिघडली आणि उपकरण किती बिघडलं, हे वेगळं काढता येतं.

याखेरीज उपग्रह पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला गेला की ओमी काळोखात मोजणी करतं. समोर प्रकाशच नसताना चिपच्या एखाद्या बिंदूने आकडा दाखवला, तर तो बिंदू बिघडला असं समजायचं आणि त्याची दुरुस्ती हिशेबात करायची. चिपवर असे बिघडलेले बिंदू वर्षागणिक वाढत गेले. चिप शून्याखाली सुमारे आठ अंशांवर थंड ठेवली जाते, कारण ती तापली तर हा खोटा आकडा वाढतो. उपकरणात स्वतःचा पांढरा दिवाही आहे, त्याने चिपची प्रकाशाला मिळणारी दाद तपासतात. इतकं सगळं करून जे हाती आलं ते थक्क करणारं आहे. पहिल्या दशकभरात पृथ्वीवरून येणारा प्रकाश मोजण्यातली ओमीची घसरण एक ते दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली.

दुखणी

सगळं सुरळीत मात्र नव्हतं. ओमी आपल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका वेळी बघतं आणि तो ६० ओळींत विभागतं. जून २००७ मध्ये यातल्या दोन ओळींचे आकडे विचित्र येऊ लागले. २००८ मध्ये आणखी ओळी बिघडल्या आणि २००९ च्या जानेवारीत बिघाड आणखी पसरला. सर्वात पटणारा खुलासा असा की, उष्णतेपासून बचाव करणाऱ्या बाहेरच्या आवरणाचा काही भाग सुटून उपकरणाच्या तोंडासमोर आला. तो काही ओळींचं दृश्य अडवतो आणि कधी भलतीकडचा सूर्यप्रकाश आतही फेकतो. जाऊन तो बाजूला करणं शक्य नव्हतं.

मग जे केलं तेच या गोष्टीतलं सर्वात शिकण्यासारखं आहे. कोणती ओळ, कोणत्या तारखेपासून, प्रदक्षिणेच्या कोणत्या भागात बिघडलेली आहे याची यादी तयार झाली आणि प्रत्येक आकड्याशेजारी तशी खूण लागू लागली. वापरणाऱ्याने त्या ओळी वगळायच्या. बिघाड वाढला तेव्हा जवळजवळ निम्म्या ओळी वगळाव्या लागल्या. पूर्वी एका दिवसात अख्खी पृथ्वी दिसायची, आता दोन दिवस लागू लागले. चाकणच्या बाबतीत याचा अर्थ असा की काही दिवशी उपग्रह वरून गेला तरी आपला भाग त्याच्या आंधळ्या ओळींत सापडला. आकडे कमी झाले, पण जे उरले ते विश्वासाचे राहिले.

ऑरावरच्या इतर उपकरणांचीही अशीच कहाणी आहे. हिर्डल्स या उपकरणाच्या आत उड्डाणाच्या वेळी प्लास्टिकची पातळ फिल्म सुटली आणि तिने सुमारे ८० टक्के तोंड झाकलं. उरलेल्या फटीतून त्याने मार्च २००८ पर्यंत काम केलं, नंतर प्रकाश कापणारी त्याची फिरती चकती थांबली. ‘टेस’ या उपकरणाची हलणारी यंत्रणा कुरकुरू लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला निवृत्त करण्यात आलं. वरच्या थरांतला ओझोन मोजणाऱ्या एमएलएसचा एक भाग वय वाढल्यावर महिन्यातले मोजकेच दिवस चालवायचा असं ठरलं, म्हणजे तो आणखी काही काळ पुरेल.

उपग्रहाचीही निगा असते. ऑरा साधारण ९९ मिनिटांत एक फेरी मारायचा आणि १६ दिवसांत २३३ फेऱ्या पूर्ण करून पुन्हा त्याच वाटेवर यायचा. ही वाट टिकवायला इंधन लागतं. २०२३ मध्ये कक्षेचा कल सुधारण्यासाठी इंधन खर्च करणं थांबवलं गेलं, त्यामुळे पृथ्वीवरून जाण्याची त्याची वेळ हळूहळू सरकू लागली. दुपारच्या हवेची तुलना दुपारच्याच हवेशी व्हायला हवी, म्हणून या सरकण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

भारताचा अनुभव

आपल्या देशाने हाच धडा स्वतःच्या उपग्रहावर गिरवला आहे. इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था सीएनईएस यांनी मिळून बनवलेला मेघा-ट्रॉपिक्स १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन करणारी होती, त्यामुळे उष्ण कटिबंधावर तो दिवसातून अनेकदा यायचा. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, म्हणजे पिंपरी-चिंचवड त्याच्या वाटेच्या उत्तर टोकापाशी. पाऊस मोजणाऱ्या ‘मद्रास’ या त्याच्या मुख्य उपकरणाच्या फिरत्या यंत्रणेत दोष आला आणि जानेवारी २०१३ मध्ये ते बंद पडलं. पण हवेतला दमटपणा मोजणारं ‘सफीर’ चालू राहिलं. तीन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह २०२१ पर्यंत माहिती देत राहिला.

त्याचा शेवटही जबाबदारीने झाला. टाकीत सव्वाशे किलोच्या आसपास इंधन उरलं होतं. तो तसाच सोडून दिला असता तर शंभराहून अधिक वर्षं वर फिरत राहिला असता आणि इतर उपग्रहांना धोका झाला असता. इस्रोने टप्प्याटप्प्याने त्याची कक्षा खाली आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागरावर त्याला वातावरणात आणून नष्ट केलं.

वरून काय दिसतं, काय नाही

उपग्रहाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ओमीचा एक चौकोन उपग्रहाच्या थेट खालीही १३ गुणिले २४ किलोमीटरचा, म्हणजे ३१२ चौरस किलोमीटरचा असतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्रफळ आहे सुमारे १८१ चौरस किलोमीटर. अख्खं शहर एका चौकोनात मावतं. कोणत्या कारखान्याच्या चिमणीतून काय निघालं हे त्यातून कळत नाही. पावसाळ्यात ढग आडवे येतात आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडचे बरेच दिवस हातचे जातात. शिवाय सकाळी नाशिक फाट्यावर जो धूर साचतो, तो दुपारपर्यंत उन्हाने आणि वाऱ्याने बराच पातळ झालेला असतो. उपग्रह ती पातळ झालेली हवाच बघतो.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे तो लांब पल्ल्याच्या तुलनेत. ओमीच्या नोंदींवरूनच २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की २००७ नंतर चीनमधलं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी घटलं आणि भारतातलं सुमारे ५० टक्क्यांनी वाढलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, चाकण-भोसरीची यंत्रं थांबली, महामार्ग रिकामे झाले. त्या वेळी हवा किती निवळली हे सांगायला आधीच्या पंधरा वर्षांचे तेच महिने एकाच उपकरणाने मोजलेले हवे होते. ते ओमीकडे होते.

१३ ऑक्टोबर २०१७ रोजी युरोपचा सेंटिनेल-५पी उडाला. त्यावरच्या ‘ट्रोपोमी’ या उपकरणाचा चौकोन ऑगस्ट २०१९ पासून फक्त साडेपाच गुणिले साडेतीन किलोमीटरचा आहे, म्हणजे भोसरी आणि चाकण आता वेगळे दिसू शकतात. पण नव्याचे आकडे जुन्याला जोडायचे तर दोघांनी काही वर्षं बरोबर चालणं आवश्यक असतं. असेच वायू मोजणाऱ्या युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहाशी एप्रिल २०१२ मध्ये संपर्क अचानक तुटला, तेव्हा ओमी वर होतं म्हणून नोंदींची साखळी तुटली नाही. थकलेला उपग्रह चालू ठेवण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे. आणि ट्रोपोमीदेखील सात वर्षांसाठी बनवलं होतं, तीही मुदत उलटून गेली आहे.

वरच्या आकड्याला खालची साक्षही लागते. आयआयटीएमच्या आवारातलं सूर्याकडे बघून धूलिकण मोजणारं उपकरण २००४ पासून, म्हणजे ऑराच्या जन्मवर्षापासून, एरोनेट या जागतिक जाळ्यात आहे. भारतीय हवामान विभाग पुण्याहून ओझोन मोजणारे फुगे सोडत आला आहे.

आपण काय मागावं

मला या सगळ्यातून एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. यंत्र जुनं झालं म्हणून त्याचं मोजमाप खोटं होत नाही. त्याच्या दुखण्याची नोंद ठेवली नाही, तर खोटं होतं. निम्म्या ओळी गेलेलं ओमी जगभर विश्वासाचं राहिलं, कारण कोणती ओळ कधी गेली हे त्याने लपवलं नाही.

हाच नियम आपल्या चौकातल्या हवा मोजणाऱ्या पेटीलाही लागू व्हावा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या नागरिकांनी नव्या केंद्रांची मागणी जरूर करावी, पण तिच्यासोबत आणखी तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक केंद्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, ते आकड्याशेजारी दिसावं. बिघाडाचे दिवस गाळून न टाकता तशी खूण करून जाहीर करावेत. आणि जुनं यंत्र काढण्याआधी नवं यंत्र त्याच्याशेजारी निदान वर्षभर चालवावं, म्हणजे आधीची वर्षं वाया जाणार नाहीत.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत कॅलिब्रेशनची तारीख उलटलेलं गेज कोणी वापरू देत नाही, कारण चुकलेल्या मापाचा भाग परत येतो आणि त्याचा खर्च दिसतो. चुकलेल्या मापाची हवा आपल्या मुलांच्या फुप्फुसांत जाते. तिच्यासाठी याहून सैल नियम आपण मान्य करू नये, आणि या निगेसाठी लागणारा पैसा, माणसं आणि चिकाटी हा हवा शुद्ध करण्याच्या कामाचाच पहिला खर्च मानावा.