नॅनोची 15 वर्षं आणि न नोंदलेल्या तक्रारी

2010 साली रस्त्यावर आलेल्या टाटांच्या नॅनो गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी 2025 मध्ये संपली. पुन्हा नोंदणी करायची तर 5,000 रुपये शुल्क, वर पर्यावरण कर, गाडीची तपासणी आणि हिंगोलीच्या परिवहन कार्यालयाच्या चकरा. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या कळमनुरीत ज्यांच्या दारात अजून नॅनो उभी आहे, त्यांना हा खर्च करावा की गाडी भंगारात द्यावी हे ठरवावं लागतंय. 9 ऑक्टोबर 2024 ला रतन टाटा गेले, तेव्हा त्यांना नॅनोची कल्पना सुचवणाऱ्या, पावसात स्कूटरवरून भिजत जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाची गोष्ट सगळीकडे पुन्हा छापून आली. त्यांची कळकळ खरी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या कुटुंबानं गाडी घेतल्यावर पुढे काय झालं, हे मात्र कुणी लिहिलं नाही. आणि आता 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, तर दुचाकी सोडून चारचाकीत या, अशी साद त्याच कुटुंबाला पुन्हा घातली जातेय. म्हणून हा मागोवा.

नॅनोच्या आधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तालुक्यात मोटार म्हणजे डॉक्टरांची फियाट, पुढाऱ्याची अँबेसेडर, आणि 1983 नंतर हळूहळू दिसू लागलेली मारुती 800. बाकी आम्ही सगळे एसटीत नाहीतर काळी-पिवळीत. गाडीच नव्हती, तर गाडीची तक्रार कुठून असणार?

तक्रारीचं दशक सुरू झालं ते 2009 मध्ये. वर्षभर आधी, 10 जानेवारी 2008 ला, दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लाखाची गाडी दाखवली गेली होती. सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे साणंदला गेला, गाडी लांबली, तरी एप्रिल 2009 मध्ये नोंदणी सुरू झाल्यावर देशभरातून 2 लाखांहून जास्त अर्ज आले. पहिल्या 1 लाख गाड्यांचे मालक सोडतीनं ठरले. हळदीचे पैसे हातात आलेले शेतकरी, डी.एड. होऊन नुकतेच लागलेले गुरुजी, ग्रामसेवक, कापडदुकानदार अशा माणसांची ती गाडी होती. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली, पेट्रोल टाकायचं तोंड पुढच्या बोनेटखाली, एकच वायपर, चाकाला तीनच नट. मागचं दार उघडतच नव्हतं. डिक्कीत सामान ठेवायचं तर सीट पाडून आतून. हे सगळं लोकांनी आनंदानं चालवून घेतलं. लेकीला सासरी सोडायला स्वतःच्या गाडीतून जाता येतं, याचं मोल ज्यानं काळी-पिवळीच्या टपाला लोंबकळून प्रवास केलाय त्यालाच कळतं.

मग गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या. मार्च 2010 मध्ये मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना वाटेतच जळाली. आधी स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाल्याच्या घटना झाल्या होत्या, नंतर गुजरातेतही एक गाडी पेटली. कंपनीनं तपास केला आणि रचनेत दोष नसल्याचं सांगितलं. बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणं किंवा एक्झॉस्टवर येऊन पडलेली वस्तू ही कारणं दिली. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. गाड्या परत बोलावल्या नाहीत. ज्याला हवं त्यानं यावं आणि बसवून घ्यावं. त्या एका महिन्यात अख्ख्या देशात 509 नॅनो विकल्या गेल्या. वर्षभरानं सुमारे 1 लाख 15 हजार गाड्यांचे सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बदलून देण्याचं ठरलं.

त्या खुलाशाचा मला आजही राग आहे. ‘बाहेरून बसवलेली उपकरणं’ हे कारण मुंबईच्या शोरूमपासून नांदेडच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत झिरपलं आणि मग प्रत्येक कंपनीच्या छोट्या गाडीच्या प्रत्येक मालकाला ते ऐकावं लागलं. आमच्या घरची छोटी गाडी नॅनो नव्हती. तिचा सेल्फ पहिल्या उन्हाळ्यातच उचलेनासा झाला. वारंगा फाट्यावर रात्री लेकराबाळांसह ती बंद पडली, दुसऱ्या दिवशी टोचन करून न्यावी लागली. काउंटरवरच्या माणसानं बोनेट उघडण्याआधी विचारलं, बाहेर काम केलंय का? हॉर्न बाहेर बसवला होता. तेवढ्यावर वॉरंटी गेली. हॉर्नचा सेल्फशी काय संबंध, हे त्यानं सांगितलं नाही आणि तक्रारीची लेखी पोचही दिली नाही. पोच नाही म्हणजे तक्रारच झाली नाही. ग्राहक मंच जिल्ह्याला होता, पण तिथं कागद लागतो, आणि कागद ज्याच्या हातात होता तो देत नव्हता. अशी गाऱ्हाणी गावातल्या गॅरेजवर रोज ऐकू यायची. ब्रेक लागत नाही, चढावर गाडी गरम होते, पेट्रोलचा वास येतो. ऐकायला होता फक्त मेकॅनिक. आमच्या दशकाची खरी तक्रारवही त्याच्या डोक्यात होती आणि ती कोणत्याच कंपनीनं कधी मागितली नाही.

31 जानेवारी 2014 ला ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटरनं आदळून पाहिल्या. नॅनो, अल्टो 800, आय10, फिगो, पोलो. बिनएअरबॅगच्या या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे. त्यातल्या नॅनो, अल्टो आणि आय10 यांचा सांगाडाच धक्का पेलू शकला नाही. एअरबॅग बसवूनही त्यांचं फारसं भलं झालं नसतं. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार तारे मिळाले, आणि तिच्या कंपनीनं बिनएअरबॅगची गाडी भारतात विकणं थांबवलं. बाकीच्यांचं उत्तर एकच होतं: आम्ही देशाचे नियम पाळतो. ते खरंही होतं, कारण समोरून आदळण्याची अशी चाचणी सक्तीची करणारा नियमच तेव्हा नव्हता. तो नव्या मॉडेलांना ऑक्टोबर 2017 मध्ये आणि जुन्यांना ऑक्टोबर 2019 मध्ये लागू झाला. मधल्या वर्षांत हिंगोली-नांदेड रस्त्यावर ऊस आणि हळदीच्या ट्रकांसमोर त्याच गाड्या धावत होत्या. भारतातल्या ग्राहकाला सुरक्षेसाठी पैसे मोजायचे नसतात, असं तेव्हा ठामपणे बोललं जाई. आम्हाला कुणी विचारलं होतं? नॅनोत तर एअरबॅग पर्याय म्हणूनही मिळत नव्हती.

नॅनो कमी होत होत विझली. जून 2018 मध्ये एकच गाडी तयार झाली, 2019 मध्ये एकही नाही. सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून ती विकली ही चूक झाली, हे स्वतः रतन टाटांनी 2013 मध्ये मान्य केलं होतं. मला हळहळ वाटते ती त्या उमेदीची. तालुक्याच्या माणसासाठी मुद्दाम विचार करून गाडी घडवावी, असं त्यानंतर कुणाला वाटलेलं दिसलं नाही. आता आमच्या वाट्याला येतात त्या पुण्याच्या उतरलेल्या गाड्या, एमएच-12 आणि एमएच-14 च्या पाट्या लावून, तिसऱ्या हाताच्या.

आणि कायदा नेमका इथंच संपतो. सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती 1 एप्रिल 2021 पासून आली. कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली, सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवण्याची सोय झाली. चांगली गोष्ट आहे, उशिरा का होईना झाली. पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती. गाडी सात वर्षं पुण्यात चालते आणि आठव्या वर्षी कळमनुरीत येते. ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेले ‘भारत एनकॅप’चे तारेही नव्या गाडीसाठी, तेही कंपनीनं स्वतःहून चाचणीला दिली तर. कंपनीनं कधी गाड्या बोलावल्याच, तर पत्र जातं तिच्या दफ्तरी असलेल्या पत्त्यावर, बहुतेकदा पहिल्या मालकाच्या. इथला मालक त्या गाडीच्या पेट्रोलपंपात दोष होता की ब्रेकमध्ये, हे न कळताच तिच्यात लेकरं बसवतो.

गाडी नावावर करताना फॉर्म 29 आणि 30 भरावे लागतात. त्या वेळी कर्ज आहे का, चलन थकलंय का, विमा आहे का, सगळं पाहिलं जातं. या गाडीला कंपनीनं कधी परत बोलावलं होतं का आणि ते काम झालं का, एवढा एक रकाना त्या फॉर्ममध्ये वाढवा. आणि काम राहिलं असेल, तर ते फुकट करून दिल्याचा कागद कंपनीकडून आल्याशिवाय हिंगोलीच्या परिवहन कार्यालयानं गाडी कुणाच्या नावावर करू नये, मग ती सात वर्षांची असो की चौदा.