सुपातले खडे आणि मार्केट यार्ड

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या एखाद्या गाळ्यासमोर थोडा वेळ उभे राहा. गिऱ्हाईक पोत्यात हात खुपसतं, मूठभर तांदूळ तळहातावर पसरतं, फुंकर मारतं, वास घेतं, दोन दाणे दातांखाली मोडून बघतं. सगळं मिळून अर्धं मिनिट. रोज घडणारं, कुणाच्या लक्षातही न येणारं. पण त्या अर्ध्या मिनिटात दडलेल्या प्रश्नाने अर्थशास्त्राची दिशा बदलली.

विकणाऱ्याला माल कसा आहे ते ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सावध होतो आणि मधलाच काहीतरी भाव देतो. त्या भावात उत्तम माल विकणं परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. उरतो तो हलका माल, की भाव आणखी पडतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली हे मांडलं ते जुन्या मोटारींच्या उदाहरणाने. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता. २००१ साली त्याच विषयातल्या कामासाठी अकरलॉफना इतर दोघांसोबत नोबेल मिळालं.

मी खरा थक्क झालो तो पुढच्या पानांवर. मोटारींचं संपवून अकरलॉफ पुढे भारतातल्या बाजारात येतात. तांदळात मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे निवडत बसलेली इथली गृहिणी त्या निबंधात आहे! १९६७-६८ मध्ये ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. आपल्या आया-आज्ज्या सूप घेऊन उंबऱ्याशी बसायच्या, ते काम जगभर वाचल्या जाणाऱ्या सिद्धान्तात पुरावा म्हणून नोंदलं गेलंय. अप्रामाणिकपणाची किंमत फक्त फसलेला माणूस मोजत नाही, निवडण्यात गेलेला सगळ्यांचा वेळही त्यातच धरायचा, हे त्यातून दिसतं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आंब्याच्या दिवसांत यार्डात या. कोकणातल्या हापूसशेजारी कर्नाटकातून आलेला आंबा असतो, आणि पेंढ्यात मांडलेल्या दोन फळांतला फरक साध्या गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. कर्नाटकचा माल रत्नागिरीचा म्हणून खपवल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या अज्ञानावरचाच एक उपाय आहे.

बाजाराकडे अभ्यासकाच्या नजरेने बघणं पुण्याला नवीन नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० ची. तीनच वर्षांनी धनंजयराव गाडगीळांनी एका सहकाऱ्यासह पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी हेमलता आचार्य यांच्यासह आठवडी बाजारांचा अभ्यास केला, तो १९७० साली पुस्तकरूपाने आला. अकरलॉफचा निबंध त्याच वर्षीचा.

मग एक साधा प्रश्न. एवढे गाळे असताना माणूस वर्षानुवर्षं एकाच गाळ्यावर का जातो? शेतकरीही आपला माल ठरलेल्या आडत्याकडेच का लावतो? वरवर वाटतं, सवय, ओळख, नाहीतर घेतलेली उचल. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावचा बाजार अभ्यासून १९७८ साली वेगळं उत्तर दिलं. बाजारात सगळ्यात दुर्मीळ वस्तू असते ती खात्रीची माहिती. दहा ठिकाणी वरवर भाव विचारण्यापेक्षा एकाच ठिकाणी खोलात शिरून विचारलेलं जास्त कामी येतं. नेहमीचं गिऱ्हाईक आणि घासाघीस ही माहिती मिळवण्याची साधनं आहेत, मागासलेपणाच्या खुणा नव्हेत. हे वाचल्यावर जुनी हत्ता पद्धतही वेगळी दिसायला लागते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, म्हणजे माहिती अक्षरशः झाकली जायची. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, तो रुमाल दूर करण्यासाठी.

तरी गीर्ट्झ मला यार्डात अपुरे वाटतात. कोथिंबिरीच्या गड्ड्या घेऊन पहाटे पोचलेल्या शेतकऱ्याला सगळे भाव कळले तरी काय? दुपारपर्यंत त्याची कोथिंबीर पिवळी पडायला लागते. घेणाऱ्याला मात्र उद्याचा दिवस असतो. माहिती सारखी वाटली तरी वेळ सारखा वाटता येत नाही, आणि हिशेबपट्टीवरचा आकडा शेवटी त्या वेळेने ठरतो.

यार्डात भावांइतकीच माणसांची शरीरंही बघण्यासारखी असतात. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९३४ च्या एका व्याख्यानात चालणं, पोहणं, बसणं या गोष्टीही समाज शिकवतो असं सांगितलं. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा हमाल पाहिला की ते पटतं. मान कुठे, गुडघा किती, श्वास कधी, हे सगळं शिकलेलं असतं. त्या श्रमाला नुसती ताकद न मानता कामगाराचं काम मानायला लावलं ते बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने.

आणि फुलबाजार. तिथे मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई आठवतात, मूळचे मुंबईचे, पुरंदर तालुक्यातल्या एका गावात शेतीचा अभ्यास केलेले. त्यांनी १९८६ साली वस्तूंच्या सामाजिक आयुष्यावर एक ग्रंथ संपादित केला. त्यात इगोर कोपिटॉफ म्हणतात, माणसासारखं वस्तूचंही चरित्र असतं, आणि विकाऊ माल असणं हा त्या आयुष्यातला फक्त एक टप्पा. दसऱ्याचा झेंडू घ्या. यार्डात तो किलोवर तोलला जातो, चिवडला जातो, भिजलाय म्हणून नाकारला जातो. घरी पोचल्यावर तोच झेंडू कुणी हुंगला तर आपण देवाला वाहत नाही. दुसऱ्या दिवशी तो सुकतो, पण कचऱ्यात जात नाही, त्याला आपण निर्माल्य म्हणतो. त्याच शेतातला, त्याच गाडीतून आलेला, पण न खपलेला झेंडू मात्र संध्याकाळी झाडून टाकला जातो.

येत्या दसऱ्याला भल्या पहाटे फुलबाजारात जा. किलोभर झेंडू घ्या, आणि घरी येईपर्यंत तो नेमका कोणत्या क्षणी देवाचा होतो, यावर लक्ष ठेवा.