पाटी पांढरी की पिवळी?

फोर्टमधलं सत्र न्यायालय. अमली पदार्थांच्या खटल्यांचं विशेष कोर्ट. पट्टेवाला पुकारा करतो आणि दोन आरोपी पोलिसांबरोबर आत येतात. एक गाडीचा मालक, दुसरा त्याचा पगारी ड्रायव्हर. डिकीत 22 किलो गांजा सापडला, असा आरोप आहे. गांजा 20 किलोंच्या वर गेला की शिक्षा किमान 10 वर्षं, कमाल 20. जामीनही सहजासहजी मिळत नाही, म्हणून दोघंही तारखेला तुरुंगातूनच येतात.

टेबलावर मुद्देमाल ठेवलाय. लाखेच्या सीलला एका कोपऱ्यात तडा गेलाय. लेबलावर दोन पंचांच्या सह्या. त्यातल्या एकीची शाई पसरलीय. सगळ्यांची नजर त्या पुडक्यावर आहे. बचावाच्या वकीलबाई मात्र तिकडे बघतही नाहीत. त्या पिंजऱ्यातल्या निरीक्षकांना विचारतात, “साहेब, गाडीची नंबरप्लेट पांढरी होती की पिवळी?”

“पांढरी.”

“म्हणजे खासगी गाडी, हे म्हणणं बरोबर?”

“बरोबर.”

सरकारी वकील मान वर करतात. प्रश्न कुठे चाललाय, ते त्यांना कळलंय. पिवळ्या पाटीची टॅक्सी असती तर ती सार्वजनिक वाहनात मोडली असती आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 43 खाली झडती सोपी होती. खासगी गाडी रस्त्यावर उभी असली तरी ती सार्वजनिक जागा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बूटा सिंग खटल्यात सांगितलंय. तिथे कलम 42 लागतं. खबऱ्याची बातमी लिहून काढायची, 72 तासांत वरिष्ठांकडे पाठवायची आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर त्याचं कारणही नोंदवायचं.

“बातमी कधी मिळाली?”

“संध्याकाळी सातला.”

“छापा?”

“साडेदहाला.”

“बातमी लिहिलीत कुठे?”

निरीक्षक फाइल चाळतात. पंखा पानं उडवतो, ते तळहाताने दाबून धरतात. “वरिष्ठांना फोनवर कळवलं होतं. घाईत लिहायचं राहिलं.”

सरकारी वकील उठतात. उशिरा लिहिलं म्हणून सगळं रद्द होत नाही, असं त्यांचं म्हणणं. “उशिराचं तरी काही लिहिलेलं आहे का?” न्यायाधीश विचारतात. नाही. उशिराचं कारण पटलं तर तो माफ होतो, पण मुळात काहीच न लिहिणं चालत नाही, असं घटनापीठाने 2009 मध्ये कर्नेल सिंग खटल्यात ठरवून दिलंय. न्यायाधीश उत्तर स्टेनोला सांगतात. टकटक सुरू होते.

आता ड्रायव्हरचे वकील. त्यांचे प्रश्न मोजकेच.

“डिकीची किल्ली कोणाकडे मिळाली?”

“मालकाच्या खिशात.”

“डिकीत काय आहे हे ड्रायव्हरला माहीत होतं, असं पंचनाम्यात कुठे आहे?”

“गाडी तोच चालवत होता.”

“मी माहितीचं विचारतोय, साहेब.”

निरीक्षक गप्प. एकदा ताबा शाबीत झाला की आरोपीला सगळं ठाऊक होतं, असं कलम 35 प्रमाणे कोर्ट गृहीत धरतं. ते खोडून काढायचं ओझं आरोपीवर, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. पण त्याआधीची पायरी सरकारची: माल त्याच्या ताब्यात होता, हे आधी सरकारनेच सिद्ध करायचं. नूर आगा खटल्यातला 2008 चा निकाल हेच सांगतो. हात जोडून उभ्या असलेल्या ड्रायव्हरला यातलं किती कळतंय कोण जाणे. ‘किल्ली’ म्हटल्यावर तेवढा तो मान हलवतो.

पुढची तारीख पडते. निकाल काय लागेल तो लागो. माल खरोखर त्यांचा असूनही दोघं सुटले, तर लोक वकिलांना आणि कायद्याला बोल लावतील. दोष मात्र सात ते साडेदहाच्या दरम्यान न लिहिलेल्या चार ओळींचा असेल. छाप्याला निघणाऱ्या अधिकाऱ्याने गाडीत बसण्याआधी तेवढ्या लिहाव्यात. अपराध्याला पळवाट राहणार नाही आणि निरपराध्याला 10 वर्षं आत काढावी लागणार नाहीत.