बॉम्ब टाकून सूर्य विझेल का?



जन्मल्याबरोबर उगवत्या सूर्याला फळ समजून त्याच्याकडे झेप घेणाऱ्या मारुतीची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली आहे. माणसाच्या हाती अण्वस्त्रे आली, तेव्हापासून त्याच्याही मनात अशी झेप डोकावू लागली आहे. अणुस्फोटाचे वर्णन करताना सूर्याची उपमा हमखास दिली जाते. हायड्रोजन बॉम्बमध्ये तर सूर्यात चालते तशीच संमीलनाची क्रिया चालते, असे आपण वाचतो. मग साहजिकच प्रश्न पडतो. ताऱ्यात जी आग आहे तीच आपल्या हाती आली असेल, तर त्या आगीने आपण एखाद्या ताऱ्याला इजा करू शकू का? सूर्यावर बॉम्ब टाकून तो विझवता येईल का? किंवा त्याचा स्फोट तरी घडवता येईल का?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच आणि बाकीचा वर्ग हसतो. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. शिवाय त्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन शाळेतल्या गणिताने काढता येते. चला, काढून पाहू.

आधी मोजमाप

माणसाने आजवर फोडलेला सर्वांत मोठा बॉम्ब म्हणजे 'झार बॉम्ब'. सोव्हिएत संघाने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी आर्क्टिक प्रदेशातील नोवाया झेम्लिया या बेटांवर त्याची चाचणी घेतली. बॉम्बचे वजन होते सुमारे २७ टन आणि शक्ती सुमारे ५० मेगाटन, म्हणजे ५ कोटी टन टीएनटी या स्फोटकाइतकी. जूल या एककात सांगायचे तर २१ या आकड्यावर १६ शून्ये द्या, तेवढे जूल.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सूर्य ठेवू. सूर्य दर सेकंदाला ३८ वर २५ शून्ये इतके जूल ऊर्जा बाहेर टाकतो. त्यासाठी त्याच्या गाभ्यात सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. सेकंदाचे दोन अब्ज भाग केले, तर त्यातल्या साधारण एका भागात सूर्य एक झार बॉम्ब 'फोडतो'. एवढ्या वेळात प्रकाशकिरणसुद्धा वीतभर अंतर कापू शकत नाही!

एका बॉम्बने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. ठीक आहे, सगळे बॉम्ब घेऊ. आज जगातील नऊ देशांकडे मिळून सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. त्यांची एकूण शक्ती आपण सढळ हाताने १०,००० मेगाटन धरू. प्रत्यक्षात ती याहून कमीच आहे. ही सगळी ऊर्जा सूर्य सुमारे एक कोटीअंश सेकंदात बाहेर टाकतो. दर्यामें खसखस म्हणतात ती हीच.

सूर्याला धक्के नवे नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर मधूनमधून सौरज्वाला भडकतात. मोठ्या सौरज्वालेत १ वर २५ शून्ये इतके जूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे जवळजवळ पाच कोटी झार बॉम्ब एकदम. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी अशी एक ज्वाला दुर्बिणीतून पाहिली. त्यानंतर पृथ्वीवरच्या तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. सूर्य मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच उगवला. २०२३ मध्ये सोडलेले भारताचे आदित्य-एल१ हे यान अशाच ज्वालांवर नजर ठेवण्यासाठी पाठवलेले आहे.

दगडही तेवढेच काम करील

आता एक गमतीचे गणित. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, हे तुम्हाला पाठ असेल. सूर्याच्या पृष्ठभागावर तो सेकंदाला ६१८ किलोमीटर आहे. फार दूरवरून सूर्याकडे पडत येणारी वस्तू त्याच्या पृष्ठभागाशी पोहोचते, तेव्हा तिचा वेग जवळपास एवढाच झालेला असतो. गतिज ऊर्जेचे सूत्र घ्या: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. एक किलो वस्तुमानासाठी उत्तर येते १९ वर १० शून्ये इतके जूल. एवढी ऊर्जा मिळवायला ४५ टन टीएनटी लागेल!

याचा अर्थ असा की, झार बॉम्बच्या वजनाचा, म्हणजे २७ टनांचा, साधा काळा पाषाण सूर्यावर पडला, तरी सुमारे १२ लाख टन टीएनटीइतकी ऊर्जा मोकळी होईल. सुमारे नऊ मीटर व्यासाचा दगड असेल, तर त्याच्या पडण्याने झार बॉम्बची पुरी बरोबरी होईल. नऊ मीटर म्हणजे तीन मजली घराची उंची. असल्या धोंड्यांना आणि त्याहून मोठ्या धूमकेतूंना सूर्याने त्याच्या ४६० कोटी वर्षांच्या आयुष्यात किती वेळा गिळले असेल, याची गणती नाही. बहुतेकांची तर पृष्ठभागाशी पोहोचण्याआधीच वाफ होते.

आपल्या बॉम्बचीही तीच गत होईल. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. तेथे कोणताही धातू घनरूपात राहू शकत नाही. पार्कर या अमेरिकन यानाने २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ जाण्याचा विक्रम केला, तेव्हाही ते पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर दूर होते.

गाभ्यात बॉम्ब ठेवला तर?

तरीही आपण हट्ट धरू. समजा, एखाद्या जादूने बॉम्ब सूर्याच्या अगदी मध्यावर नेऊन ठेवला. गवताच्या गंजीला एक काडी पुरते. तशी या एका ठिणगीने सगळ्या सूर्यातल्या हायड्रोजनला आग लागणार नाही का?

नाही, आणि याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण इंधनाचे. हायड्रोजन बॉम्बमध्ये साधा हायड्रोजन नसतो. त्यात ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे जड हायड्रोजन जुळतात. ते चटकन जुळणारे आहेत. सूर्यात आहे तो साधा हायड्रोजन, आणि तो विलक्षण आळशी आहे. दोन प्रोटॉन एकत्र यायचे, तर टकरीच्या त्या क्षणीच एकाचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि हे फार क्वचित घडते. गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आहे, घनता पाण्याच्या दीडशे पट आहे. तरीही तेथल्या सरासरी प्रोटॉनला जोडीदार मिळेपर्यंत सुमारे ९०० कोटी वर्षे वाट पाहावी लागते! बॉम्बने तापवलेला गोळा निमिषार्धात फुगून थंड होईल. तेवढ्या अवधीत हा आळशी हायड्रोजन पेट घेईल, हे शक्यच नाही.

सूर्य मंद जळतो हे ऐकून आश्चर्य वाटते ना? मग हेही पडताळून पाहा. सूर्याच्या एकूण शक्तीला त्याच्या वस्तुमानाने, म्हणजे २ वर ३० शून्ये इतक्या किलोंनी, भागले, तर दर किलोमागे एक वॅटचा पाचहजारावा भाग मिळतो. उलट ७० किलो वजनाचा माणूस स्वस्थ बसला असतानाही सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे किलोला किलो तोलून पाहिले, तर तुमचे गुरुजी सूर्याच्या सात हजार पट तेजस्वी आहेत! सूर्य प्रचंड आहे तो त्याच्या आकारमानामुळे.

दुसरे कारण झडपेचे. घरातला प्रेशर कुकर आठवा. आत दाब वाढला की वरची शिट्टी उचलली जाते, वाफ निघून जाते आणि दाब उतरतो. सूर्याच्या गाभ्यावर बाहेरच्या थरांचे वजन असेच बसलेले आहे. समजा, गाभा थोडा जास्त तापला. त्याचा दाब वाढेल आणि तो वरचे थर किंचित उचलील. फुगला की वायू थंड होतो, आणि थंड झाला की संमीलनाचा वेग आपोआप उतरतो. गाभा थंड पडला तर उलटे घडते: तो दबतो, तापतो आणि पुन्हा पूर्वपदावर येतो. म्हणून आपण त्यात ऊर्जा घातली, तरी सूर्य भडकत नाही. तो ती पचवून टाकतो.

ज्यांना झडप नाही असे तारे

मग सगळेच तारे असे सुरक्षित आहेत का? नाहीत, आणि येथे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव घ्यावेच लागते. १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोटीने इंग्लंडला शिकायला जाताना त्यांनी 'श्वेत बटू' या मेलेल्या, आक्रसलेल्या ताऱ्यांचे गणित मांडले. अशा ताऱ्याला तोलून धरणारा दाब दाटीवाटीने बसलेल्या इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि तो तापमानावर फारसा अवलंबून नसतो. तारा तापला तरी फुगत नाही. म्हणजे शिट्टी नसलेला कुकर! त्याचे वस्तुमान सूर्याच्या १.४ पटींच्या जवळ गेले, की आतला कार्बन पेटतो, आग आवरत नाही आणि अख्खा तारा उडतो. चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा ताऱ्यावर बॉम्ब टाकला तर? सर्वांत जवळचा श्वेत बटू म्हणजे व्याधाचा जोडीदार. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने, सेकंदाला १७ किलोमीटर, तेथे जायला दीड लाख वर्षे लागतील. शिवाय त्याचे वस्तुमान साधारण सूर्याइतकेच, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या बरेच खाली आहे. आणि निसर्गाने हा प्रयोग करून ठेवलेलाच आहे. काही श्वेत बटूंच्या पृष्ठभागावर शेजारच्या ताऱ्याकडून आलेला हायड्रोजन साचतो आणि एकदम पेटतो. हाच 'नवतारा'. त्या स्फोटात सूर्य शेकडो ते हजारो वर्षांत टाकील एवढी ऊर्जा मोकळी होते. तरीही खालचा तारा शाबूत राहतो. उत्तर मुकुट तारकासमूहातल्या अशा एका ताऱ्याचा स्फोट १८६६ मध्ये दिसला आणि त्याच ताऱ्याचा पुन्हा १९४६ मध्ये.

पण हिशेब अजून संपला नाही

तेव्हा ताऱ्यांना आपल्या शस्त्रांची भीती नाही. आता हेच मोजमाप पृथ्वीला लावून पाहू. पृथ्वीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाची शक्ती १७४ वर १५ शून्ये इतके वॅट आहे. म्हणजे सूर्य दर सव्वा सेकंदाला आपल्याला एका झार बॉम्बइतकी ऊर्जा देतो. आपण धरलेले १०,००० मेगाटन म्हणजे अवघे चार मिनिटांचे ऊन!

म्हणून बॉम्ब क्षुल्लक ठरतात का? ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेला बॉम्ब अवघा १५ किलोटनांचा होता, झार बॉम्बच्या तीनहजारांशाहून थोडा लहान. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे त्याने मेली. ऊन पृथ्वीभर आणि दिवसभर पसरून पडते. बॉम्ब तीच ऊर्जा एका शहरावर एका क्षणात ओततो. शहराला सूर्यासारखी झडप नाही.

आणि याहून गंभीर गोष्ट जळत्या शहरांच्या धुराची आहे. १९८३ मध्ये टर्को, टून, अॅकरमन, पोलॅक आणि सेगन या शास्त्रज्ञांनी दाखवले की, अणुयुद्धातील आगींची काजळी उंच वातावरणात गेली, तर ती सूर्यप्रकाश अडवील. काजळी ऊन शोषून स्वतः तापते आणि आणखी वर चढते. तेथे तिला धुऊन काढणारा पाऊस नसतो, म्हणून ती वर्षानुवर्षे तरंगत राहते. २००७ मध्ये रोबॉक, टून आणि सहकाऱ्यांनी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील युद्धाचे गणित केले: हिरोशिमाएवढे १०० बॉम्ब, ५० लाख टन काजळी. पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे सव्वा अंशाने उतरेल आणि पाऊस जगभर घटेल, असे उत्तर आले. काजळी किती उठेल, किती उंच जाईल, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण असा पडदा पडू शकतो, याचा अनुभव जगाने घेतला आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिकेत पिके बुडाली. त्या वर्षी तेथे उन्हाळा आलाच नाही, असे म्हणतात.

आपला मोसमी पाऊस उन्हाने जमीन तापण्यावर अवलंबून आहे, हे भूगोलात तुम्ही शिकला आहात. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर सुखरूप तळपत असेल आणि खाली आपल्या शेतात ज्वारीला पुरेसे ऊन नसेल, एवढे मात्र माणसाला करता येईल.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात कोणी हा प्रश्न विचारला, तर हसू नका. फळ्यावर दोन्ही हिशेब मांडा. सूर्याचा मांडून झाला की थांबू नका, पृथ्वीचाही मांडा.