छत्तीस वर्षांचे दोन खेळाडू

ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्सला हॉकीपटू धनराज पिल्ले आपली चौथी आणि शेवटची ऑलिंपिक स्पर्धा खेळला, तेव्हा त्याचं वय छत्तीस होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला गोलरक्षक पी. आर. श्रीजेश आपली चौथी आणि शेवटची ऑलिंपिक स्पर्धा खेळला, तेव्हा त्याचंही वय छत्तीसच होतं. धनराजच्या संघाला सातव्या स्थानावर समाधान मानावं लागलं आणि पुढच्या ऑलिंपिकला, म्हणजे २००८ च्या बीजिंगला, भारताचा पुरुष हॉकी संघ इतिहासात पहिल्यांदाच पात्र ठरला नाही. श्रीजेशच्या संघाने स्पेनला २-१ असं हरवून कांस्यपदक घेतलं. त्याची १६ क्रमांकाची जर्सी निवृत्त झाली आणि लगोलग कनिष्ठ संघ त्याच्या हाती सोपवला गेला. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच्याशिवाय खेळणाऱ्या भारताने राजगीरच्या अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ असं नमवून आशिया चषक जिंकला आणि डिसेंबरमध्ये त्याच्या कनिष्ठ संघाने विश्वचषकात कांस्य मिळवलं. वय एक, खेळ एक, देश एक. फळं मात्र इतकी वेगळी. म्हाताऱ्या ताऱ्यांनी कधी थांबावं हा आपल्याकडचा आवडता वाद त्यामुळेच मला चुकीच्या जागी चाललेला वाटतो. जुना आणि नवा खेळाडू एकाच संघात असतात ती दोन-चार वर्षं संघटना कशी वापरते, यावर पुढच्या पिढीचं भवितव्य ठरतं.

धनराज खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तुटक्या स्टिका जोडून आणि खडबडीत मैदानावर शिकलेला, तमिळ घरातला पुणेकर. १९८९ ते २००४ या काळात तो चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९६६ नंतरचं पहिलं सुवर्ण जिंकलं. त्या पदकानंतर नवी पिढी घडवण्याची खरी संधी होती. जिंकलेल्या संघात ज्येष्ठांना ठेवून त्यांच्या शेजारी दोन-तीन तरुण खेळवता आले असते. झालं उलटंच. कर्णधारासह अनेक ज्येष्ठांना विश्रांतीच्या नावाखाली एकाच फटक्यात बाहेर बसवलं गेलं, आणि मग गरज भासेल तसं परत बोलावलं गेलं. बाहेर काढायचं तेव्हा सगळ्यांना एकदम, आणि परत घ्यायचं तेव्हा कशासाठी घेतोय हे न ठरवता. अथेन्सला छत्तीस वर्षांचा धनराज संघात होता, पण त्याने करायचं काय, हे कुणी निश्चित केल्याचं मैदानावर दिसलं नाही. त्याला फार थोडा वेळ खेळवलं गेलं. हॉकीत कितीही वेळा बदली खेळाडू उतरवण्याची मुभा तेव्हाही होती. चाळिशीकडे झुकलेल्या आघाडीच्या खेळाडूला चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत, ठरावीक कामासाठी वापरता येतं. ते न करता त्याला संघात नुसतं बसवून ठेवलं, यात ना त्याचा मान राहिला ना संघाचा फायदा झाला.

आता श्रीजेशकडे पाहा. पॅरिसच्या आधी भारताने अनेक सामन्यांत श्रीजेश आणि कृष्ण पाठक यांना आलटून पालटून, कधी सत्रासत्राने, गोलात उभं केलं. पंधरा मिनिटांच्या एका सत्रात श्रीजेश, पुढच्यात पाठक. बाकावर बसून बघणं आणि त्याच सामन्यात, त्याच बचावफळीच्या मागे, दहा मिनिटांपूर्वी थोरल्याने जे केलं ते स्वतः करणं, यात महदंतर आहे. पेनल्टी कॉर्नर हे त्याचं चांगलं उदाहरण. गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे उभे असतात. चेंडू आत येताच पहिला बचावपटू थेट ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावतो. तो कोणती बाजू झाकणार, खांबाजवळचा खेळाडू कोणती सांभाळणार आणि गोलरक्षकाने स्वतःकडे कोणता कोपरा ठेवायचा, हे आधी ठरवावं लागतं, आणि बोलतो गोलरक्षक. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि भारताला चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी ग्रेट ब्रिटनला रोखावं लागलं. सामना १-१ राहिला, शूटआउट भारताने ४-२ जिंकलं. पायांचा वेग पंचविशीतल्या मुलाकडे जास्त असेल, पण कुणाला कुठे उभं करायचं हे ओरडून सांगणारा आवाज दीडएक तपाच्या खेळातूनच तयार होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गोलरक्षक उशिरा पिकतो, त्याची तुलना धावणाऱ्याशी कशी करता? आक्षेप निम्मा बरोबर आहे. मधल्या फळीचा किंवा आघाडीचा खेळाडू पस्तिशीनंतर त्याच कामात टिकणं कठीणच. पण त्याचं काम बदलता येतं. मनप्रीत सिंग २०११ पासून भारताकडून खेळतोय, टोकियोच्या कांस्यपदकाचा कर्णधार तोच. पॅरिसला तो नवा कर्णधार हरमनप्रीतच्या हाताखाली खेळला आणि रोहिदास बाहेर गेल्यावर मागे बचावात उतरला. कर्णधारपद गेलं म्हणून रुसला नाही आणि संघाने त्याला अडगळीत टाकलं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऑलिंपिकच्या संघात जागा मोजून सोळा. एक जागा जुन्याला दिली की एक तरुण चार वर्षं मागे पडतो. मुंबईचा सूरज करकेरा हा गोलरक्षक २०१७ पासून संघाच्या आतबाहेर आहे. आधी श्रीजेश, मग पाठक, अशा रांगेत त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. या आक्षेपाला सोपं उत्तर नाही, पण खेळायला मिळणं फक्त ऑलिंपिकवर अवलंबून असेल तरच ही रांग जीवघेणी ठरते. बाकीच्या वर्षभरात सामने भरपूर असतील, तर मागे उभा असलेला माणूस गंजत नाही. राजगीरच्या आशिया चषकासाठीच्या संघात पाठकबरोबर दुसरा गोलरक्षक करकेराच होता.

महिलांच्या संघाची कहाणी उलट बाजूने हेच सांगते. राणी रामपाल पंधराव्या वर्षी विश्वचषक खेळली. तिच्या नेतृत्वाखाली टोकियोत भारत चौथा आला. नंतर दुखापती आल्या, ती संघाबाहेर राहिली, आणि तिच्या अनुभवाची जागा भरण्याची सोय झालेली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ हरून संघ पॅरिसला मुकला. त्या पराभवाचं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण हस्तांतराचा काळ फुकट गेला, एवढं नक्की.

आता पोटापाण्याचा मुद्दा, कारण त्यावाचून हा सगळा विचार अधांतरी राहतो. धनराज छत्तीसपर्यंत खेळला, तर मुंबईच्या वीरेन रस्किन्याने २००८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, स्टिक ठेवली आणि हैदराबादला व्यवस्थापन शिकायला गेला. पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेतून त्याने भारतीय खेळाडूंसाठी मोठं काम केलं, पण मधल्या फळीतला एक पक्का खेळाडू हॉकीने ऐन भरात गमावला. रेल्वे, विमान कंपन्या, तेल कंपन्या यांच्या नोकऱ्यांवर आपली हॉकी जगली. नोकरी हेच निवृत्तिवेतन आणि नोकरी हेच मानधन. २००५ मध्ये हैदराबादला प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, धनराज तिथे मराठा वॉरियर्सकडून खेळला, आणि चार हंगामांत ती बंद पडली. २०१३ ची हॉकी इंडिया लीग २०१७ ला थांबली, ती थेट डिसेंबर २०२४ ला परत सुरू झाली. या वेळी हरमनप्रीतला ७८ लाखांची बोली लागली, महिलांची लीगही सुरू झाली, आणि हैदराबाद तूफान्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. लीग म्हणजे पैशाचा तमाशा, अशी तक्रार ऐकू येते. मला ती मान्य नाही. उताराला लागलेला ऑलिंपियन आणि जिल्ह्यातून आलेला अठरा वर्षांचा मुलगा एका खोलीत राहून सराव करतात, अशी दुसरी जागा आपल्याकडे नाही. अडचण आहे ती लीग सात-आठ वर्षं गायब होण्याची. तेवढ्या काळात एक पूर्ण पिढी शिकायची राहून जाते.

आणि पिढी येते कुठून? महाराष्ट्राच्या बाबतीत उत्तर सातारा जिल्ह्यात सापडतं. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या शेतकरी भागातल्या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारतीय संघापर्यंत गेल्या. वैष्णवी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक विजेत्या संघात होती. राज्याने वसतिगृह, टर्फ आणि पूर्णवेळ प्रशिक्षक एकत्र दिले, की फलटणसारख्या तालुक्यालाही हॉकीचं घराणं तयार करता येतं. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचं काय मग? जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग थेट हैदराबादला उतरतो, आणि आदिलाबादला राज्याची क्रीडाशाळा आहे. इथल्या गोंड, लंबाडा, मराठी घरांतली पोरं दमदार धावतात. त्यांना हवाय तो शिकवणारा. तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांना माझी एकच विनंती आहे: निवृत्त होणाऱ्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंना सत्कार आणि धनादेश देता तसंच निदान तीन वर्षांचं पक्कं प्रशिक्षकपद द्या, आणि ते राजधानीत न देता अशा जिल्ह्यांत द्या.