राउटरांचे शेजारी आणि त्यांचे गट

इंटरनेट हे हजारो स्वायत्त जाळ्यांचे मिळून बनलेले असून, कोणत्या पत्त्यांकडे कोणत्या जाळ्यांतून जाता येते, हे त्यांचे राउटर ‘बीजीपी’ म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल या नियमावलीनुसार परस्परांना कळवतात. येथील शेजारी, म्हणजेच ‘पीअर’, सहसा आपोआप सापडत नाही. त्याचा आयपी पत्ता आणि जाळ्याचा क्रमांक दोन्हीकडच्या अभियंत्यांनी नोंदवल्यावरच टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवरून संवाद सुरू होतो. शेजारी वाढले की तीच कलमे पुन्हापुन्हा लिहिताना चुका होतात. म्हणून समान धोरणाच्या शेजाऱ्यांचा ‘पीअर ग्रुप’ करून पासवर्ड, मार्गांच्या गाळण्या आणि स्वीकारायच्या मार्गांची कमाल मर्यादा एकदाच नोंदवतात. मात्र गाळणीतील त्रुटीही मग साऱ्या गटाला एकदमच लागू होते, आणि गाळणी नसणे तर त्याहून घातक: २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी केलेली यूट्यूबच्या पत्त्यांची घोषणा वरच्या सेवादात्याने न गाळता पुढे पाठवली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास दिसेनासे झाले. २०१७ च्या मानकानुसार, बाहेरच्या शेजाऱ्यासाठी धोरण स्पष्ट लिहिलेले नसेल, तर राउटरने त्याच्याकडून एकही मार्ग वापरात घेऊ नये आणि त्याला एकही कळवू नये.